राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय : एक परीक्षण

मुंबईच्या कोटांत ओव्हल मैदानाच्या पूर्वेस ज्या दगडी इमारती एका ओळींत उभ्या आहेत, त्यांपैकीं विद्यापीठाचें ग्रंथालय व त्यास जोडलेला राजाबाई टॉवर यांचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. परंतु तें वर्णन बहुधा दोन प्रकारचें असतें. एक प्रवाशांच्या सोयीचें. उंची किती, खर्च किती, घंटा किती, एवढें सांगून तें थांबतें. दुसरें मतप्रदर्शनाचें, इंग्रजी कारकीर्दींतील बांधकाम तेवढें परकी म्हणून तें एका वाक्यांत निकालांत काढतें, किंवा तितक्याच घाईनें डोक्यावर घेतें. इमारत ही एक कृति आहे, तिला कर्ता आहे, लेखक आहे, तींत प्रक्षेप आहेत, शेवटीं पुष्पिका आहे, आणि हस्तलिखित ज्या शिस्तीनें आपण वाचतों त्याच शिस्तीनें तीही वाचतां येते, या दृष्टीनें तिचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत तो करण्याचें योजिलें आहे. लेखक वऱ्हाडांतील चिखलीचा. त्याचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. पाश्चात्त्य स्थापत्याची परिभाषा त्यानें गुरुमुखानें घेतलेली नाहीं. तेव्हां गज आपला व माप त्यांचें, असा हा प्रकार आहे. वाचकांनीं तो तसाच समजून घ्यावा.

प्रथम निश्चित तेवढें सांगतों. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. पुढें कित्येक वर्षें त्यास स्वतःचें घर नव्हतें. १८६४ च्या ऑगस्टांत शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयाकरितां दोन लाख रुपये देऊं केले. त्याच सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं आणखी दोन लाख दिले, ते मोठें घड्याळ व घंटा बसविलेल्या एका मनोऱ्यासाठीं. त्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचें नांव द्यावें एवढीच त्यांची इच्छा होती. नकाशे लंडनहून सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं तयार करून पाठविले. पायाचा दगड १ मार्च १८६९ रोजीं बसविण्यांत आला व काम १८७८ च्या नोव्हेंबरांत पुरें झालें. खर्च सुमारें साडेपांच लाख रुपये झाला. मनोऱ्याची उंची सुमारें २८० फूट भरली. शेजारचें पदवीदान-सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या एक लाखाच्या देणगींतून उठलें. तेंही स्कॉटच्याच नकाशांवरून बांधलेलें असून १८७४ सालीं तयार झालें होतें.

या तारखांपैकीं १८६४ ही तारीख आम्हां वऱ्हाडकरांस विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ त सुरू झालें व १८६५ त संपलें. या चार वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानांतील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि या सर्व उलाढालींच्या मध्यभागीं प्रेमचंद रायचंद होते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला होता तो मुख्यतः काळ्या जमिनीसाठींच म्हटलें तरी चालेल. आमची चिखली घाटावरची. कापसाची खरी जमीन खालीं पायनघाटांत, खामगांव-शेगांवाकडे. खामगांवच्या बाजाराचें महत्त्व इतकें वाढलें कीं, १८७० सालीं जलंबपासून तेथवर आगगाडीचा फांटा उघडण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. युद्ध संपतांच भाव कोसळले, १८६५ च्या जुलैंत शेअरांचा फुगा फुटला, आणि त्यांत स्वतः प्रेमचंदही सांपडले. विद्यापीठास दिलेला पैसा मात्र तत्पूर्वींच हातावेगळा झालेला होता.

न्यायार्जित द्रव्य हेंच दानास योग्य, असें धर्मशास्त्र सांगतें. त्या कसोटीस तेजी-मंदीचें द्रव्य कितपत उतरेल याचा निर्णय करण्याचा माझा अधिकार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, त्या चार वर्षांत मुंबईंत आलेला बहुतेक पैसा जसा आला तसा गेला. जो थोडा दगडांत गेला तोच आज डोळ्यांस दिसतो. त्या दगडावर वऱ्हाडांतील कुणब्याचाही कांहीं हक्क पोहोंचतो, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनीं क्वचितच बोलून दाखविली आहे.

आतां एका दंतकथेचा परामर्श घेणें अवश्य आहे, कारण ती छापील पुस्तकांतही शिरली आहे. राजाबाई या अंध होत्या, जैन धर्माप्रमाणें सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत, आणि वेळ कळावी म्हणून मुलानें हा घंटांचा मनोरा उभारिला, असें सांगतात. कथा हृदयंगम आहे. परंतु परीक्षणास ती टिकत नाहीं. पहिली गोष्ट, सूर्यास्त रोज एका वेळीं होत नाहीं. मुंबईंत वर्षांतील सर्वांत लवकरचा व सर्वांत उशिराचा सूर्यास्त यांत सव्वा तासाहून अधिक अंतर पडतें. चौविहार पाळणाऱ्या वृद्ध स्त्रीस उपयोग पंचांगाचा, घड्याळाचा नव्हे. आणि ज्या घरांत नोकरचाकर व सुना-नातवंडें आहेत त्या घरांत सूर्य मावळला हें सांगण्यास कोटांतल्या घंटेची वाट कोण पाहील? दुसरी गोष्ट, शेठजींचें पहिलें दान ग्रंथालयासाठीं होतें. मनोऱ्याचा विचार मागाहून आला. तिसरी, दान १८६४ चें व मनोरा १८७८ चा. चौदा वर्षें वाट पाहून आईच्या जेवणाची वेळ साधणें हा हिशेब व्यापाऱ्याचा नव्हे. घड्याळ प्रसिद्ध झाल्यावर त्यापासून कथा निघाली. कथेपासून घड्याळ निघालें नाहीं.

मग खरें कारण काय? माझ्या मतें तें जैन पोथ्यांच्या अखेरीस शोधावें. ज्यांनीं गुजरात व राजपुताना येथील भांडारांतील पोथ्या हाताळल्या आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं श्रावकानें ग्रंथ लिहवून साधूंस किंवा भांडारास अर्पण केला म्हणजे पुष्पिकेंत तो स्वतःचें कुल सांगतो व हें पुण्य कोणाच्या श्रेयासाठीं तें लिहितो. ‘मातुः श्रेयोर्थम्’ ही अक्षरें पोथ्यांतून आणि धातूच्या जिनप्रतिमांच्या पाठींवरून कितीदां तरी वाचावयास मिळतात. ग्रंथाचें दान आणि त्याचें श्रेय मातेस, ही परंपरा शेंकडों वर्षांची आहे. प्रेमचंदांनीं १८६४ त केलें तें याहून वेगळें नव्हे. त्यांनीं एका पोथीऐवजीं ग्रंथालय दिलें आणि पुष्पिका कागदावर न लिहितां दगडांत लिहविली. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे व्हेनिसकडील गॉथिक पद्धतीच्या पोशाखाआड उभा असलेला हा मनोरा मुळांत किती एतद्देशीय आहे हें कळून येतें. आमच्या हेमाद्रीनेंही चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत विद्यादानाचा विचार विस्तारानें केला आहे. यादवांच्या त्या मंत्र्याचें नांव आपण केवळ बिनचुन्याच्या देवळांशीं जोडतों, हा त्याच्यावर अन्यायच होय.

अशा स्तंभास पूर्वाधारही आहे. चितोडगडावरील जैन कीर्तिस्तंभ हा जीजा नांवाच्या एका जैन व्यापाऱ्यानेंच मंदिराशेजारीं उभारिलेला. त्याच गडावरील महाराणा कुंभाचा विजयस्तंभ पंधराव्या शतकांतला. त्यावर सूत्रधार जैता व त्याचे पुत्र यांच्या प्रतिमा कोरलेल्या आहेत. हा दुसरा मुद्दा पुढें पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

परंतु पुष्पिकेचें लक्षण हें कीं ती ग्रंथाच्या शेवटीं यावी व ग्रंथाहून लहान असावी. येथें ती पुढें आली आहे आणि ग्रंथावर चढून बसली आहे. ग्रंथालयाची इमारत सुमारें दीडशे फूट लांब, दोन मजल्यांची, कमानींच्या ओवऱ्यांनीं वेष्टिलेली. तिच्या पश्चिम अंगाच्या मध्यभागीं गाड्या येऊन थांबण्याचा द्वारमंडप, आणि त्या द्वारमंडपावर हा मनोरा. मैदानांतून पाहणाऱ्याची दृष्टि सरळ वर जाते. खालीं ग्रंथालय आहे हें त्यास सांगावें लागतें. आज शंभरांतील नव्वद लोक या वास्तूस ‘राजाबाई टॉवर’ म्हणतात, ‘ग्रंथालय’ म्हणत नाहींत. क्षेमेंद्रानें काव्यांत औचित्य हेंच जीवित मानलें. त्या कसोटीनें हा दोष मानावाच लागेल. या दोषाचें मूळ देणगीच्या वांटणींत आहे. ग्रंथालयास दोन लाख व मनोऱ्यास दोन लाख, असें समान द्रव्य दिल्यावर स्थपतीनें करावें तरी काय?

दाक्षिणात्य मंदिरांचा दाखला देऊन या दोषाचें कोणी समर्थन करील. तेथें उत्तरकाळीं गोपुरें विमानाहून उंच झालीं व गर्भगृहावरील शिखर त्यांपुढें खुजें ठरलें. दाखला खरा आहे. पण आमच्या बाजूच्या देवळांचा नियम निराळा. लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिर घ्या; त्याचें शिखर अपुरें राहिलें आहे, तरी जेथें उंची यावयाची तेथें, म्हणजे गर्भगृहावर, ती यावयाची होती हें पाहणाऱ्यास कळतें. जेथें देव तेथें शिखर, हें आम्हांस अधिक पटतें. या ग्रंथालयाच्या बाबतींत तोच न्याय लावला असता तर पुस्तकें जेथें आहेत त्या दालनावर उंची यावयास हवी होती.

एवढा आक्षेप घेतल्यावर मनोऱ्याच्या घडणीविषयीं प्रशंसेचे दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. खालचा भाग चौरस. वर जातां जातां कोपरे छाटले जातात, घड्याळाच्या वर तो अष्टकोनी होतो आणि शेवटीं निमुळत्या शिखरांत मिळून जातो. चतुरस्र, अष्टास्र, वृत्त ही परंपरा आपल्याकडे शिवलिंगाच्या ब्रह्मभाग, विष्णुभाग व रुद्रभाग यांत आहे, आणि हेमाडपंती मंदिरांच्या खांबांतही ती डोळ्यांपुढें आहे. चिखली तालुक्यांत सातगांव येथील जुन्या देवळांचे खांब ज्यांनीं हात फिरवून पाहिले आहेत त्यांस चौकोनाचा अष्टकोन होतांना कोपऱ्यावर कारागिराची कशी कसोटी लागते तें सांगावयास नको. युरोपांतील गवंड्यानें तोच प्रश्न आपल्या रीतीनें सोडविला. दोन देशांतले कारागीर एकमेकांस न भेटतां एकाच अडचणीशीं झुंजले. इमारतीची पाठशिला कुर्ल्याची पिवळसर आणि कोरीव काम पोरबंदरच्या मऊ दगडांत आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यास दुसरा दगड पहिल्याइतका दाद देत नाहीं असें नाहीं, उलट तोच आधीं झिजतो. कोरण्यास सोपा तो टिकण्यास कठीण, हा अनुभव सर्वत्र सारखाच.

आतां कर्त्याचा प्रश्न. स्कॉट हा त्या काळच्या इंग्लंडांतील अग्रगण्य स्थपति. लंडनचें सेंट पँक्रस येथील हॉटेल व राणीच्या यजमानांचें स्मारक हीं त्याचीं कामें प्रसिद्ध आहेत. त्यानें परराष्ट्र-कचेरीसाठीं लंडनांत गॉथिक पद्धतीचा आग्रह धरला, पण प्रधान पामरस्टन यांच्या हट्टापुढें त्यास इटालियन पद्धति पत्करावी लागली. तेव्हां आपल्या आवडीचें शैलीस्वातंत्र्य त्यास जें राजधानींत मिळालें नाहीं तें मुंबईंत मिळालें, असें म्हणतां येईल. परंतु स्कॉट हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. २७ मार्च १८७८ रोजीं तो वारला; म्हणजे मनोरा पुरा होण्यापूर्वीं आठ महिने. ज्या कृतीवर त्याचें नांव आहे ती त्यानें पाहिलीच नाहीं. मूळ प्रत परदेशीं, ग्रंथकार दूर, आणि येथें उतरून घेणारा लेखक वेगळा, अशी ही स्थिति आहे. पोथ्यांच्या अभ्यासकास ती नवी नाहीं. मूळ ग्रंथकाराच्या हातची प्रत आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिली आहे? आपण वाचतों तें लेखकाचें, म्हणजे नकलकाराचें अक्षर.

या पोथीच्या लेखकांत एकाचें नांव अवश्य घेतलें पाहिजे : रावबहादूर मुकुंद रामचंद्र, साहाय्यक इंजिनिअर. मनोऱ्यावर ज्या चोवीस उभ्या मूर्ति आहेत त्यांचे नमुने त्यांनीं तयार केले. आठ मूर्ति खालीं कोपऱ्यांच्या कोनाड्यांत, सोळा वर शिखराच्या भोंवतीं. गॉथिक देवळांत अशा कोनाड्यांत साधुसंत, राजे व देवदूत उभे असतात. येथें त्या जागीं पश्चिम हिंदुस्थानांतल्या निरनिराळ्या जातींचीं माणसें आपापल्या पागोट्यां-अंगरख्यांसह उभीं आहेत. त्यांत राजपूत आहे, कच्छी आहे, पारशी आहे. महाभारताच्या भांडारकर-संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींत डॉ. सुकथनकरांनीं जी पद्धति घालून दिली तिच्याप्रमाणें मूळ संहितेंत न बसणारा भाग पानाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत जातो. त्या न्यायानें या चोवीस मूर्ति तळटीपेंत जातील. पण रसिकांनीं निवाडा करावयाचा झाला तर तो उलट होईल. कारण या कृतींत मुंबईचें म्हणून जें कांहीं आहे तें या प्रक्षेपांतच आहे. उरलेली इमारत थोड्याफार फरकानें ग्लासगोंतही शोभली असती.

या मूर्तींच्या अर्थाविषयीं दोन मतें संभवतात, आणि दोहोंतील अंतर लहान नाहीं. १८६८ पासून १८७५ पर्यंत हिंदुस्थानांतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड लंडनांत प्रसिद्ध झाले. खानेसुमारीचा पहिला देशव्यापी प्रयत्न १८७१-७२ च्या सुमाराचा. माणसांस वर्गवार मांडून त्यांस नमुन्याचें स्वरूप देणें हा त्या कारकीर्दीचा व्यवसायच होता. त्या दृष्टीनें पाहिल्यास हा मनोरा म्हणजे जातींची उभी यादी, आणि प्रत्येक मूर्ति माणूस नसून मासला. दुसरें मत असें कीं, ज्या जागीं युरोपांत पूज्य पुरुष उभे करितात त्या जागीं एका हिंदी इंजिनिअरानें आपल्या शहराच्या रस्त्यांतलीं माणसें नेऊन उभीं केलीं, आणि तीं विद्यापीठाच्या माथ्यावर. मी दुसऱ्या मताकडे झुकतों. माझें कारण शिल्पाचें आहे. यादींतील मासला समोरून व सपाट काढतात, म्हणजे वेष नीट दिसावा; येथें मूर्तींस वळण आहे, अंगावरील वस्त्राच्या चुण्यांस वजन आहे. ज्यानें त्या घडविल्या त्यास कपड्याइतकाच कपड्यांतला माणूसही दिसत होता. तथापि रस्त्यांतून जाणाऱ्यास त्या ओळखूं येत नाहींत इतक्या त्या उंच आहेत, आणि ज्या लोकांचीं हीं रूपें त्यांस आपण वर उभे आहोंत याचा पत्ता नसतो, ही त्यांची शोकांतिका म्हणावी.

येथें एका मोहाविषयीं सावध केलें पाहिजे. दाता जैन आणि मूर्ति चोवीस. तेव्हां चोवीस तीर्थंकरांची संख्या येथें योजिली आहे, असा तर्क चतुर वाचकाच्या मनांत आल्याशिवाय राहणार नाहीं. माझ्याही मनांत तो आला. पण चौरसाचे चार कोपरे व अष्टकोनाच्या आठ बाजू यांच्या दुपटींतून आठ आणि सोळा या संख्या आपोआप निघतात. त्यांस जैनागमाचा आधार शोधण्याची गरज नाहीं. संख्येवरून अर्थ काढण्याची खोड आपल्या संशोधनास फार नडली आहे.

चितोडच्या सूत्रधाराची आठवण येथें होते. राणा कुंभानें जैता व त्याचे पुत्र यांस आपल्या स्तंभावर स्थान दिलें. मुंबईच्या मार्गदर्शक-पुस्तकांत मात्र स्कॉटचें नांव पहिल्या ओळींत येतें, शेठजींचें दुसऱ्या ओळींत, आणि मुकुंद रामचंद्रांचें आलेंच तर परिच्छेदाच्या शेवटीं, तेंही निरनिराळ्या वर्णांनीं लिहिलेलें. ज्या राजसत्तेस आपण सरंजामी म्हणतों तिनें कारागिरास दिलेला मान एकोणिसाव्या शतकांतील सुधारलेल्या मुंबईनें दिला नाहीं.

आतां आंत जाऊं. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांस गोल फिरत जाणारे दगडी जिने आहेत. बाहेरून त्यांस भिंत नाहीं. खांबांची जाळी आहे, आणि चढणारा मनुष्य बाहेरून दिसत दिसत वर जातो. सबंध इमारतींत मला सर्वांत आवडलेली जागा ही. यांत शोभा व उपयोग यांची फारकत झालेली नाहीं. वारा खेळतो, प्रकाश येतो, आणि दगडाचें ओझें कोठें जाणवत नाहीं. वरच्या मजल्यावर लांबच लांब वाचनदालन. त्याचें छत सागवानी, कमानदार; त्याच्या फळ्यांच्या रेघा दृष्टीस टोंकापर्यंत ओढून नेतात. दोन्ही बाजूंस उंच खिडक्या व त्यांत रंगीत कांचा. या कांचांची व एकंदर इमारतीची दुरुस्ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या द्रव्यसाहाय्यानें होऊन २०१५ सालीं पुरी झाली. आज त्या पाहिल्या म्हणजे मूळ योजनेंत प्रकाशास किती मोठें काम दिलें होतें याची कल्पना येते. सायंकाळीं पश्चिमेचा प्रकाश आंत येतो तेव्हां जमिनीवर तांबड्या-निळ्या-पिवळ्या रंगांची रांगोळी पडते. बसून पाहावें इतकें तें सुंदर आहे.

पण तें वाचनदालन आहे, आणि माझा दुसरा आक्षेप येथें आहे. रंगीत प्रकाश देवळास योग्य, पोथीस नव्हे. छापील पुस्तकाचें एक वेळ चालेल. पोथींत मात्र रंग हा अर्थाचा भाग असतो. हिंगुळानें दंड व अध्यायसमाप्ति दाखविलेली असते, हरताळानें चुकीचें अक्षर झांकलेलें असतें. पिवळ्या कांचेखालीं जुना पिवळट कागद व हरताळाचा लेप एकरूप होतात. शोधकानें दुरुस्त केलेली जागा वाचकाच्या डोळ्यांतून निसटते. तांबड्या कांचेखालीं हिंगुळाची रेघ फिकी पडते. ज्यानें हें दालन योजिलें त्याच्यापुढें वाचनाची वस्तु म्हणजे पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनें छापलेलें पुस्तक, एवढीच होती. आणि या ग्रंथालयाच्या संग्रहांत तर पुढें हस्तलिखितें आलीं. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ सालीं निघाली. भगवत्सिंहजी संग्रह व भडकमकर-स्मारक संग्रह यांतील संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची प्रा. गो. वि. देवस्थळी यांनीं १९४४ त सिद्ध केली. इच्छाराम सूर्यराम देसाई संग्रहाची प्रा. ह. दा. वेलणकरांनीं १९५३ त. या सूच्या आपल्यापैकीं अनेकांच्या नित्य उपयोगांतल्या आहेत. स्कॉटच्या नकाशांत या पोथ्यांना जागा नव्हती. सूचीकारांनीं ती करून दिली.

जैन भांडाराशीं तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. जेसलमेरचें भांडार तळघरांत, लहान दाराच्या आंत, खिडकी नाहीं असें. तेथें प्रकाशास मज्जाव, वाऱ्यास मज्जाव, वाचकासही बहुधा मज्जावच. म्हणून ताडपत्रें आठ-नऊशें वर्षें टिकलीं. प्रेमचंदांच्या पूर्वजांनीं ग्रंथ जपण्यासाठीं अंधार निवडला, आणि प्रेमचंदांच्या द्रव्यांतून जें ग्रंथालय उठलें त्यानें वाचण्यासाठीं उजेड निवडला. एकांत पोथी वांचते, दुसऱ्यांत पोथी वाचली जाते. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरांत या दोन्ही गोष्टी एकाच दालनांत साधणें कठीण, हें खरें. तरीही रंगीत कांचांचा पट्टा वर ठेवून टेबलांच्या उंचीवर साधी कांच बसविणें हा उपाय १८६९ सालीं कोणासही सुचण्यासारखा होता.

पदवीदान-सभागृहाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तें अधिक परिचित आहे. एकशें चार फूट लांब व चव्वेचाळीस फूट रुंद असें तें दालन. एका टोकास अर्धवर्तुळाकार व्यासपीठ, आणि बाजूंनीं लोखंडी घोड्यांवर तोललेली सज्जांची रांग. त्यांतील वर्तुळाकार खिडकी सुमारें वीस फूट व्यासाची असून तिच्या कडेला बारा राशींचीं चित्रें कांचेंत आहेत. सबंध वास्तुसमूहांत आमच्या जुन्या जोशीबुवांस कोणाच्या साहाय्यावांचून वाचतां आलें असतें असें हें एकच पान. राशि ग्रीकांकडून आल्या. वराहमिहिरानें बृहज्जातकांत त्यांचीं क्रिय, तावुरि अशीं ग्रीक वळणाचीं नांवेंही नोंदविलीं आहेत. तेव्हां परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं मेष-वृषभांपासून सुरुवात करावी.

मनोरा बांधला तेव्हां मैदानापलीकडे बॅक बेचा समुद्र होता. गॉथिक इमारतींची ही ओळ समुद्रावरून येणाऱ्या दृष्टीसाठीं रचलेली होती. विसाव्या शतकांत भराव घालून समुद्र मागें हटविण्यांत आला आणि मैदानाच्या पश्चिमेस नव्या आर्ट डेको पद्धतीचीं घरें उठलीं. २०१८ च्या जूनमध्यें युनेस्कोनें या दोन्ही ओळींस मिळून जागतिक वारशांत स्थान दिलें. पूर्वी घंटांवर इंग्रजी सुरावटी वाजत, त्यांत राणीचें मंगलगीतही असे. तें सर्व थांबलें. १८९१ सालीं या मनोऱ्यावरून पडून दोन पारशी स्त्रियांचा अंत झाला व त्या प्रकरणानें शहर हादरलें. वर जाण्याचा मार्ग सामान्य माणसास फार दिवसांपासून बंद आहे, तो तसाच असलेला बरा.

परंतु वर जाणें बंद म्हणून वरचें वर्णनही बंद राहावें असें नाहीं. चोवीस मूर्तींपैकीं प्रत्येकीचें स्थान, वेष, पागोट्याचा घाट, पादत्राण व हातांतील वस्तु यांची नोंद, जवळून घेतलेल्या छायाचित्रासह, मराठींत प्रसिद्ध होणें अवश्य आहे. पागोट्यांच्या प्रकारांसाठीं आपल्या सभासदांच्या संग्रहांतील एकोणिसाव्या शतकांतलीं चित्रें व छायाचित्रें उपयोगीं पडतील. पोरबंदरच्या दगडाची झीज लक्षांत घेतां हें काम या पिढींतच झालें पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं मुकुंद रामचंद्र यांचे कागद, पत्रें किंवा नमुन्यांचे आराखडे असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. अस्सल कागद डाकेनें पाठवूं नयेत.